चौदा नंबर

कळमेश्वरात सत्यवतीला ओळखत नाही असा माणूस शोधायला निघालात तर बस स्टँडपासून एमआयडीसीच्या फाटकापर्यंत उगाच पायपीट होईल. बाई काही पुढारी नाही. अंगणवाडीतल्या पोरांना खिचडी वाढता वाढता तीस वर्षं गेली, एवढीच तिची कारकीर्द. पण तिचं तोंड म्हणजे अर्ध्या गावाचं तोंड. सोयरिकीची बोलणी अडली, बोलवा सत्यवतीला. तलाठ्यानं दाखला अडवला, बोलवा सत्यवतीला. एखादं म्हातारं माणूस डॉक्टरपुढे बसून नुसतं "हं, हं" करू लागलं की मागून ही बोललीच म्हणून समजा, "डॉक्टरसाहेब, त्याईले छातीत नाही, पोटात दुखून राहिलं. लाजून राहिले ते." आणि तपासल्यावर निघायचंही तसंच. "तू थांब, मी बोलते," हे तिचं ठरलेलं वाक्य. ते ऐकलं की लोकांचा जीव भांड्यात पडायचा.

आता असल्या बाईला कशाचं वेड असावं? तर ऑर्केस्ट्राचं. साधंसुधं नाही, पार डोक्यात गेलेलं. नागपूरचा 'पळसरंग ऑर्केस्ट्रा' बंद पडून पस्तीस वर्षं झाली असतील, पण सत्यवतीच्या घरात अजून गाण्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. पळसरंगवाल्यांची तशी रीतच होती. कार्यक्रमाआधी साठ गाण्यांचा छापील कागद लोकांत वाटायचे, प्रत्येक गाण्याला नंबर. लोकांनी चिठ्ठीवर आपलं नाव आणि नंबर लिहून थाळीत टाकायचा, स्वयंसेवकांनी थाळी स्टेजवर न्यायची, आणि अनाउन्सर चंपतराव एकेक चिठ्ठी उचलून अशा थाटात वाचायचे की आपल्या साध्या नावाचाही माणसाला अभिमान वाटावा. सत्यवतीला ते साठही नंबर पाठ. स्वयंपाकघरातून सात नंबर ऐकू आला की नवरा ओळखायचा, आज स्वारी खुशीत आहे. सत्तावीस नंबर आला की तो बिचारा गुपचूप अंगणात जाऊन बसायचा.

मात्र तेरा नंबर झाला की बाई सरळ पंधरावर जायची. चौदा नंबर तिच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. घरात कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण तो साठ गाण्यांचा कागद आता होता कोणाजवळ?

मागच्या दिवाळीत तिची मोठी बहीण कामिनी गेली, आणि तिच्या तेरवीनंतर चौदा नंबर आपणहून परत आला. सत्यवती भाकरी थापत होती, हात चालू होते, आणि गळ्यातून तीच धून निघत होती. तिनं ओठ घट्ट मिटले. धून आत सुरूच राहिली. त्या दिवसापासून ती थांबलीच नाही. पोरांची हजेरी घेताना, नळावर पाणी भरताना, देवापुढे हात जोडलेले असताना, कोणीतरी शेजारच्या खोलीत बसून हळूच वाजवत असावं तशी चालू. सत्यवतीला भीती वाटायला लागली. गावभर लोकांसाठी बोलणाऱ्या बाईनं ही गोष्ट मात्र कोणालाही सांगितली नाही.

अशात एक दिवस नूपुरचा फोन आला. नूपुर म्हणजे कामिनीची मुलगी, नागपुरात प्रताप नगरला राहणारी. तिचा आवाज हुबेहूब आईचा. फोनवर "सत्या मावशी" म्हणाली की सत्यवती स्क्रीनवरचं नाव पुन्हा बघायची.

"मावशी, तुझा तो पळसरंग होता ना, त्याचं म्युझियम झालंय धरमपेठेत. चंपतराव अनाउन्सरच्या मुलीनं काढलंय. मी व्हिडिओ पाहिला. लोकांनी लिहिलेल्या सगळ्या चिठ्ठ्या पण जपून ठेवल्यात, गावागावाप्रमाणे. कळमेश्वरच्या पण आहेत म्हणे. आई असती तर तिलाही नेलं असतं. तू रविवारी ये, आपण जाऊ."

"सगळ्या?" सत्यवतीनं विचारलं.

"सगळ्या. एकही फेकली नाही म्हणे त्यांनी."

सत्यवतीनं आधी गुडघ्याचं कारण सांगितलं, मग अंगणवाडीच्या सर्वेक्षणाचं. फोन ठेवला आणि तिच्या लक्षात आलं की आपण गेलो नाही तर ही पोरगी एकटी जाईल. एकटी गेली तर कळमेश्वरचा गठ्ठा मागेल. आणि त्या गठ्ठ्यात एक चिठ्ठी निघेल, आईच्या नावाची आणि मावशीच्या अक्षराची. तिनं उलटा फोन लावला. "येते मी. माह्याशिवाय जाऊ नको, सांगून ठेवते."

ती चिठ्ठी नूपुरच्या आधी आपल्या हातात आली पाहिजे आणि गुपचूप पर्समध्ये गेली पाहिजे, एवढ्यासाठी बाई निघाली होती.

आता ही चिठ्ठी काय भानगड होती ते सांगतो.

अडतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सत्यवती वीस वर्षांची, कामिनी तेवीसची. वडील रामाजी यांचं बाजारात बियाण्याचं दुकान, माणूस मानी आणि तापट. कामिनी शिवणकाम करायची. बोलणं कमी, पण हातात अशी सफाई की पळसरंगवाल्यांचे स्टेजवरचे कोट तिच्याकडे दुरुस्तीला यायचे. ते घेऊन यायचा चंद्रभान. हा कळमेश्वरचाच, ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवायचा. कागदावरची एकोणसाठ गाणी सिनेमाची, पण चौदा नंबर ही त्यानं स्वतः बसवलेली धून, तिला शब्दच नव्हते. कोट द्यायला पाच मिनिटं पुरतात, चंद्रभानला अर्धा तास लागायचा. तो गेला की मशीनवर बसलेली कामिनी चौदा नंबर गुणगुणायची. सत्यवतीला हे दिसत होतं. धाकट्या बहिणींना सगळं दिसतं, कळतं मात्र अर्धवट.

त्या वर्षीच्या शारदा उत्सवात पळसरंगचा कार्यक्रम कळमेश्वरात होता. त्याच आठवड्यात कामिनीला काटोलहून स्थळ आलं होतं आणि रामाजींनी मनातल्या मनात ते पक्कंही करून टाकलं होतं. मांडवात मधोमध दोरी, एका बाजूला बाया, एका बाजूला माणसं. दोघी बहिणी अगदी पुढे बसल्या होत्या. कामिनी त्या दिवशी फारच गप्प. मधेच "पाणी पिऊन येते" म्हणून उठून गेली आणि जरा वेळानं आली. तेवढ्यात सत्यवतीच्या डोक्यात किडा वळवळला. ताईचं तोंड उतरलं आहे, तिला जरा हसवावं. तिनं घरून येताना तारखेच्या कॅलेंडरचं त्या दिवशीचं पान फाडून आणलं होतं, आपल्या फर्माईशीसाठी. त्याच्या मागे लिहिलं, 'कामिनीची फर्माईश, चौदा नंबर.' आणि पान टाकून दिलं थाळीत.

पाऊण तासानं चंपतरावांनी एक चिठ्ठी उचलली. आधी स्वतःशी वाचली, मग माइकवर.

"कळमेश्वरहून कुमारी कामिनी लिहितात, चौदा नंबर. चंद्रभान यांनी ही धून माझ्यासाठी वाजवावी. मी पहिल्या ओळीत बसले आहे आणि ऐकते आहे."

मांडवात अशी शांतता झाली की जनरेटरची घरघर ऐकू यायला लागली. मग मागून कोणीतरी शिटी मारली. हे एवढं सत्यवतीनं लिहिलंच नव्हतं. चंपतराव मीठमसाला लावून वाचतात हे साऱ्या विदर्भाला माहीत होतं, पण लावावा किती माणसानं? तिनं जे तोंड खाली घातलं ते वर केलंच नाही. ताईकडे बघायची तिची हिंमत झाली नाही. चौदा नंबर वाजला, पूर्ण वाजला, आणि ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

घरी रामाजी दारातच उभे होते. त्यांनी आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट. "कामिनी, काय ऐकून राहिलो मी हे?"

कामिनी सरळ उभी होती. तिनं श्वास घेतला, तोंड उघडलं. आणि सत्यवती मधे आली.

"बाबा, ताईनं नाही लिहिली ते. मी लिहिली. मस्करी केली मी."

सत्यवतीच्या कानाखाली जाळ निघाला. पण मारल्यानंतर रामाजी जे खाली बसले ते सुटल्यासारखे. पाणी मागितलं. म्हणाले, "उद्या साऱ्या मोहल्ल्यात फिरून सांगजो, तूच लिहिली म्हणून." कामिनीचं तोंड अजून उघडंच होतं. तिनं ते हळूच मिटलं आणि बापाला पाणी आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी सत्यवतीनं खरंच घरोघर जाऊन सांगितलं. पीठगिरणीपाशी चंद्रभान सायकल धरून उभा होता, बहुतेक वाटच बघत होता. त्यालाही तिनंच सांगितलं. "चंद्रभानभाऊ, मनावर घेऊ नका गा. ते चिठ्ठी माही होती. ताईले तं माहीतही नाही."

तो बराच वेळ सायकलच्या घंटीची वाटी अंगठ्यानं फिरवत राहिला. मग म्हणाला, "अच्छा. तुमची होती." आणि सायकलवर बसून निघून गेला. दोन महिन्यांत तो ऑर्केस्ट्रा सोडून रायपूरला गेला. माघात कामिनीचं काटोलच्या स्थळाशी लग्न झालं. नवरा भला माणूस निघाला, नोकरीमुळे नागपुरात घर झालं, नूपुर झाली. कामिनीनं चौदा नंबर पुन्हा कधी गुणगुणला नाही, म्हणून सत्यवतीनंही सोडला.

मस्करी करून आपण बहिणीची बदनामी केली, हा काटा सत्यवतीच्या मनात तेव्हापासून रुतलेला होता. पण त्यातही एक समाधान होतं. आपण वेळेवर पुढे झालो, मार खाल्ला, ताईला वाचवलं. लोकांसाठी बोलायची तिची सवय तिथूनच लागली म्हणा ना. प्रत्येक वेळी कोणाचं तरी काम निपटवून घरी आली की तिला वाटायचं, आपण थोडंसं फेडलं.

रविवारी कळमेश्वरहून नागपूरला येताना बसमध्ये खिडकीशी बसून ती हेच घोकत होती, आणि कानात चौदा नंबर चालूच होता. कामिनीचे दवाखान्यातले शेवटचे दिवस तिला आठवत होते. एका दुपारी खोलीत दोघीच होत्या. कामिनीनं अचानक विचारलं होतं, "सत्या, तू खरंच लिहिली होती का वं चिठ्ठी?"

सत्यवतीला रडू फुटलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा विषय निघाला होता. "हो ताई. मीच लिहिली. माफ कर मले."

"मले वाटलं, तू मले वाचवाले खोटं बोलली." कामिनी छताकडे बघत होती. "काय लिहिलं होतं?"

"तुहं नाव, न चौदा नंबर."

"बस?"

"बस. बाकीचं सारं त्या अनाउन्सरनं लावलं, मेल्यानं."

यावर कामिनी हसली होती. आवाज न करता, बराच वेळ, डोळ्यांच्या कडांतून पाणी येईपर्यंत. मग सत्यवतीचा हात थोपटून म्हणाली, "जाऊ दे. झोप तू जरा." सत्यवतीला वाटलं, माफी मिळाली. त्या रात्री ती किती दिवसांनी गाढ झोपली होती.

बस स्टँडवर नूपुर घ्यायला आली होती. धरमपेठेतल्या एका गल्लीत चंपतरावांचं दुमजली घर, वरच्या मजल्यावर पाटी, 'पळसरंग स्मृतिदालन'. चंपतरावांची मुलगी गार्गी पन्नाशीची, बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेली, अंगानं बारीक आणि उत्साहानं दुप्पट. सत्यवती पहिल्या फेरीतच सगळं विसरली. भिंतीवर साठ गाण्यांचा कागद मोठा करून रंगवला होता आणि ती बोट ठेवत खाली खाली जात होती, "हे सात, हे अकरा, हे बावीस नंबर तुम्हाले सांगते, कोंढाळीले तीनदा वाजवलं होतं." गार्गी वहीत लिहून घ्यायला लागली. पोरीसारखी हसत होती बाई. तेरावर बोट आलं आणि पंधरावर गेलं.

काचेच्या कपाटात कोट टांगले होते, हिरव्या सॅटिनच्या कॉलरचे. एका कोटाखाली चंद्रभानचं नाव होतं. शेजारी त्याचं अकॉर्डियन. "काका रायपूरलाच राहिले," गार्गी सांगत होती. "वाद्यांचं दुकान काढलं, संसार केला. पाच वर्षांपूर्वी वारले. मुलानं हे आणून दिलं." बाकीच्या कोटांच्या कॉलरवर मशीनची शिलाई होती. चंद्रभानच्या कोटाची कॉलर मात्र हातानं लावलेली होती, इतक्या बारीक टाक्यांनी की काचेला नाक लावावं तेव्हा दिसावेत. ताईचा हात. सत्यवती काचेपासून मागे सरकली.

"कळमेश्वरच्या चिठ्ठ्या बघायच्यात आम्हाला," नूपुर म्हणाली. ताईच्याच आवाजात.

गार्गीनं एक खोकं टेबलावर आणून ठेवलं. आत दोन गठ्ठे. एक तारेत ओवलेला, एक दोऱ्यानं बांधलेला. "बाबांची पद्धत होती," ती म्हणाली. "चिठ्ठी वाचली की लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची आणि तारेत ओवायची. वेळ संपला म्हणून ज्या राहायच्या त्या अशा दोऱ्यात बांधून घरी आणायचे. आई ओरडायची, कचरा काहून घरात आणता म्हणून. ते म्हणायचे, लोकांनी नावानिशी दिलंय, फेकवत नाही."

"मी पाहते," म्हणत सत्यवतीनं तारेचा गठ्ठा आपल्याकडे ओढला. तिला कॅलेंडरचं पान पाहिजे होतं. लहानसं, जाड आकड्याचं, लाल रंगातलं. ती भराभर चिठ्ठ्या सरकवत गेली. वहीची पानं, बसची तिकिटं, सिगरेटच्या पाकिटाचा कागद. शेवटपर्यंत गेली. कॅलेंडरचं पान नव्हतं. हरवलं. हरवलंच असणार, इतक्या वर्षांत. तिनं पदरानं मानेचा घाम पुसला आणि मनातल्या मनात देवाला नारळ बोलली.

"मावशी, हे बघ." नूपुर दुसरा गठ्ठा सोडून बसली होती. तिच्या हातात कॅलेंडरचं पान होतं. "आईचं नाव आहे यावर. 'कामिनीची फर्माईश, चौदा नंबर.' पण हे तर तुझं अक्षर आहे ना गं?"

सत्यवतीनं पान हातात घेतलं. अक्षर तिचंच, शाई तिचीच. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "हो. मस्करी केली होती मी तेव्हा. यावरून लय मार खाल्ला." ती गार्गीकडे वळली. "पण हे चिठ्ठी इकडे कशी? हे तं वाचली होती तुमच्या वडिलांनी. साऱ्या गावानं ऐकली."

गार्गीनं चष्मा लावून पान उलटसुलट पाहिलं. "नाही काकू. खूण नाही यावर. तारेचं भोकही नाही. ही वाचलेली नाही."

"असं कसं होईल? माह्या कानानं ऐकलं मी."

"दुसरी कोणती असेल. याबाबतीत बाबा चुकायचे नाहीत."

खोलीत पंखा फिरत होता. सत्यवतीच्या कानातला चौदा नंबर थांबला होता. महिनोन्‌महिने चालू असलेली धून एकदम बंद झाली. तिनं तारेचा गठ्ठा पुन्हा जवळ घेतला. या वेळी कॅलेंडरचं पान शोधायचं नव्हतं, नाव वाचायचं होतं. एकेक चिठ्ठी, सावकाश.

ती विसावी की एकविसावी होती. शिवणाच्या मापाच्या वहीचं पान. एका बाजूला कोणाचंतरी माप, छाती, उंची, बाही. दुसऱ्या बाजूला कापडावर खुणा करायच्या निळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं, सरळ, एकाही खाडाखोडीशिवाय. 'कामिनी, कळमेश्वर. चौदा नंबर. चंद्रभान यांनी ही धून माझ्यासाठी वाजवावी. मी पहिल्या ओळीत बसले आहे आणि ऐकते आहे.' खाली लाल पेन्सिलीची खूण.

चंपतरावांनी काही म्हणजे काही लावलं नव्हतं.

सत्यवती खुर्चीवर बसली. पाणी पिऊन येते म्हणून उठलेली ताई तिला दिसली. दारात सरळ उभी राहून श्वास घेणारी ताई दिसली. बापापुढे काय बोलणार होती ती? काटोलच्या स्थळाचं पक्कं होण्याआधी, साऱ्या गावासमोर आपलं सांगून झालं होतं तिचं. आता फक्त हो म्हणायचं होतं. तेवढ्यात आपण मधे घुसलो. आणि मग धाकट्या बहिणीनं आपल्यासाठी खोटं बोलून मार खाल्ला असं समजून ती गप्प बसली, ती अडतीस वर्षं गप्प बसली. पीठगिरणीपाशी तो उभा होता. 'ताईले तं माहीतही नाही.' हे आपण सांगितलं, आपल्या तोंडानं, आणि वर उपकार केल्यासारखं. सगळ्या आयुष्यात एकच काम बरं केलं म्हणून जे जपून ठेवलं होतं, तेच ताईच्या आड आलं होतं. आणि दवाखान्यात ताईला हे सगळं कळलं होतं. कळूनही हात थोपटून म्हणाली, झोप जरा.

"काकू, बरं वाटत नाही का?" गार्गीनं पाणी आणलं. मग चिठ्ठी पाहून तिचा चेहरा खुलला. "सापडली म्हणजे. आमच्याकडे एक रीत आहे. ज्याची चिठ्ठी सापडते त्यानं ती बाबांच्या माइकवर वाचायची, आणि मग मी ते गाणं लावते. बाबांनी तालमीच्या टेप करून ठेवल्या होत्या. चौदा नंबर पण आहे. ही तुमची का?"

अडतीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न झाला होता. नूपुर बघत होती. सत्यवतीच्या मनात आलं, अजूनही हो म्हणता येतं. नूपुरचे बाबा जाऊन सात वर्षं झाली, आई गेली, आता पोरीच्या मनात कशाला काही घालायचं? मस्करी होती म्हटलं की संपलं, पर्स उघडली की काम झालं. तिची जीभ वळायलाही लागली होती.

"नाही," ती म्हणाली. "माही नाही. हे माह्या बहिणीची आहे. तिनं स्वतः लिहिली."

गार्गीनं माइक पुढे केला. जुना, जड, जाळीला पोचा पडलेला. सवयीनं सत्यवतीचा हात पुढे गेला. तू थांब, मी बोलते, हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच थांबले. तिनं हात मागे घेतला.

"नूपुर, तू वाच."

"मी? तूच वाच ना मावशी, तुला तर छान जमतं."

"नाही. तूच वाच. जसं लिहिलं तसंच. एकही शब्द इकडचा तिकडे करू नको."

नूपुरनं चिठ्ठी हातात घेतली. आईचं अक्षर ओळखून ती जरा थांबली. मग तिनं माइक तोंडाशी धरला, आणि त्या खोलीत कामिनीचा आवाज बोलला.

"कामिनी, कळमेश्वर. चौदा नंबर. चंद्रभान यांनी ही धून माझ्यासाठी वाजवावी. मी पहिल्या ओळीत बसले आहे आणि ऐकते आहे."

टेपची खरखर झाली आणि अकॉर्डियन सुरू झालं. या वेळी सत्यवतीनं मान खाली घातली नाही. ती धून संपेपर्यंत नूपुरच्या तोंडाकडे बघत राहिली.

टेप थांबल्यावर नूपुरनं हळूच विचारलं, "मावशी, आई मला याबद्दल कधीच काही बोलली नाही. का गं?"

"बोलली होती बाई," सत्यवती म्हणाली. "साऱ्या गावासमोर बोलली होती. मी मधात बोलली."